झाकलेला मीटर

दुपारी आमच्या इमारतीची वीज गेली. मीटर रूममध्ये डोकावलो, तर सावंतकाकू स्वतःच्याच मीटरला पाठ लावून, हात मागे घेऊन उभ्या. वर पहिल्या मजल्यावर काकांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं. छोटा सिलिंडर जोडून त्या खाली धावत आल्या होत्या.

आमच्या भागात वीज विकणाऱ्या दोन कंपन्या आहेत. दोघींचे दर वीज नियामक आयोग ठरवून देतो, त्यातली हवी ती आपण निवडायची. काकूंनी गेल्याच महिन्यात कंपनी बदलली. केबल मात्र जुन्या कंपनीचीच, आणि दुरुस्तीला आलेला वायरमनही तिचाच. कळलं तर तो आपलीच वीज अडवेल, या धास्तीने नव्या कंपनीचा स्टिकर त्या पाठीने झाकत होत्या.

"काकू, सरका जरा," वायरमन म्हणाला.

"आधी बाकीच्यांचं बघा ना."

निवडीचा हक्क म्हणजे फॉर्मवरची एक सही, असं मी समजत होतो. पण वर सिलिंडरचा काटा खाली येत असला, की तोच हक्क चोरीच्या मालासारखा लपवावा लागतो. या भीतीचा दर कुठला आयोग ठरवणार?

"कंपनी बदललीत ते आमच्या यादीत असतं, काकू," केबलच्या पेटीत वाकत वायरमन शांतपणे म्हणाला. "केबल सगळ्यांची एकच. एकट्या तुमचीच कशी बंद ठेवू?"

दिवे आले. वर मशीन घरघरलं. काकू जिन्याकडे पळाल्या.

त्यांच्या मीटरवरचा स्टिकर तेव्हा दिसला. अर्धाअधिक नखांनी खरवडून काढलेला होता.