जोमसोमला फुगलेली पाकिटं

हिमानी तामोरेने आयुष्यात एकच शत्रू नीट ओळखला होता, तो म्हणजे ओल. समुद्राकाठच्या नवापूरला जन्मलेल्या आणि तशाच मुरब्याला नांदायला आलेल्या बाईला ही ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. बरणीत मीठ पाझरतं, काडेपेटी रुसते, बांबूवर वाळत घातलेले बोंबील एका ढगाने वाया जातात. म्हणून बोईसरला गाळा घेऊन तिने बेकिंग पावडर बनवायला घेतली, तेव्हा पहिला नियम घातला तो दाराचा. "दार लावा गो, हवा आत येत हाय!" असं ती दिवसभर ओरडायची. एखादं पाकीट फुगलेलं दिसलं की ते उघडायचंसुद्धा नाही, सरळ बाजूला टाकायचं. आत ओल शिरली, पावडर आतल्या आत उकळली आणि मेली. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

त्यामुळे दीपिकाने नेपाळहून फोटो पाठवला, तेव्हा हिमानीने तो दोनदा मोठा करून पाहिला. खोक्यातली सगळी पाकिटं उशीसारखी टम्म फुगली होती.

दीपिका तिची शाळेतली मैत्रीण. दीपिकाचे वडील नेपाळहून येऊन तारापूरच्या एका कारखान्यात वॉचमन झाले होते, म्हणून ती बोईसरला वाढली, हिमानीच्या डब्यातले सुके बोंबील खाऊन मोठी झाली. लग्न होऊन पार जोमसोमला गेली. हिमालयातलं गाव, तिथे डोंगर चढायला जगभरचे लोक येतात आणि त्यांच्यासाठी प्रत्येक लॉजमध्ये केक भाजतात. सासरच्यांचा विरोध पत्करून तिने तिथे दुकान टाकलं होतं. हिमानीची पावडर सरहद्दीवरच्या सोनौलीच्या नाक्यावरून आणवायची आणि लॉजवाल्यांना विकायची. डोंगर चढणाऱ्यांचा हंगाम आता तोंडावर होता.

"ज्या देशाला दर्या नाय, तिथं माल पाठवतेस," सासू हंसाबाई पहिल्यापासून म्हणायची. "ती माणसं मासं कुठलं खात असतील गो?"

"आय, मी त्यांना मासं नाय, पावडर देते."

फोटो बघून हिमानीने फोन लावला. "दिपे, माल भिजलाय. गाडीवर ताडपत्री नव्हती का?"

"कोरडा ठणठणीत आहे गं. इथे पाऊसच नसतो. आणि केकचं सांगते, ऐक. भट्टीत असा वर येतो, की डब्याच्या बाहेर. मग एकदम मध्येच खाली बसतो. खड्डा पडतो."

"कोमट पाण्यात चिमूटभर टाकून बघ."

थोड्या वेळाने दीपिकाचा आवाज आला. "खळाखळा फेस आला."

हिमानी गोंधळली. मेलेल्या पावडरीला फेस येत नाही. जिवंत पावडरीचं पाकीट फुगत नाही. दोन्ही गोष्टी तिने स्वतःच्या हाताने शेकडो वेळा पाहिल्या होत्या, आणि आता दोन्ही एकाच खोक्यात बसल्या होत्या. पण डोळ्यांसमोर ती फुगलेली पाकिटं होती. शेवटी तिने सवयीला कौल दिला.

"थोडा जोर गेलाच असणार. एकाऐवजी दीड चमचा घालायला सांग."

त्यानंतर जे झालं ते दीपिकाने फोनवर ओरडूनच सांगितलं. केक डब्यातून उतू गेला, भट्टीच्या तळाला जळला आणि उरलेला ताटलीसारखा चपटा झाला. ज्याच्या भट्टीत हे झालं तो लॉजवाला म्हणाला, अजून एकदा असं झालं तर दुसऱ्या कंपनीचा माल घेईन. एकाने सोडलं की सगळे सोडतील. "माझं दुकान बसेल, हिमाने. घरात आधीच टोमणे चालू आहेत. तुझ्या शब्दावर मी हे सगळं मांडलंय."

हिमानीने नवा माल तयार केला. गाळ्यात कामाला येणाऱ्या बायकांना डोक्याला फडकी बांधायला लावली, दाराच्या फटीत कापड कोंबलं. त्याच पावडरीचा केक घरी भाजला, तर तो असा सुरेख उभा राहिला, की हंसाबाईने दुसरा तुकडा मागून घेतला. मग तिथे काय बिघडत होतं? पीठ? पाणी? का दीपिकाच खोटं बोलत होती? हा शेवटचा विचार मनात आला, तशी हिमानीला स्वतःचीच लाज वाटली. ती उठून किनाऱ्यावर गेली. होड्या चिखलात कलंडल्या होत्या. तिला त्यांच्याकडे बघूनही काही सुचलं नाही.

नवा माल गाडीत चढायच्या आत दीपिकाचाच फोन आला. आवाज वेगळा होता.

"केक उभा राहिला."

"कुठल्या पावडरीचा?"

"तुझ्याच. जुन्याच. त्या लॉजवाल्याच्या डब्यात तळाशी उरली होती तेवढीच त्याने घातली. अर्धा चमचासुद्धा नसेल."

"कमी घातली म्हणून फुगला?"

"कमी घातली म्हणून टिकला. तो म्हणतो, इथे उंचावर हवा पातळ असते. केकला वरून दाबायला कुणी नाही, म्हणून तो उधळतो. पाकिटंही म्हणूनच फुगली."

हिमानीने हे घरी सांगितलं. हंसाबाई सुकटीतला कचरा निवडत होती. तिने मान वर केली. "पातळ हवा? कालवण हाय का काय?"

हिमानीला हसू आलं नाही, कारण तिलाही तेच वाटत होतं. इथली हवा अंगाला चिकटते, कपड्यांना जड करते, तिला वजन आहे हे कबूल. पण तिचं वजन केकवर बसतं? मग आपल्यावरही बसत असेल?

पुढच्या फोनवर दीपिका म्हणाली, "नवा माल पाठव. पण पाकिटावर छापून पाठव, अर्धाच चमचा. नाहीतर लॉजवाला घेणार नाही."

"तुझं गाव किती उंच गो? तेही छापते."

"समुद्रसपाटीपासून सत्तावीसशे मीटर."

"कुठल्या सपाटीपासून? भरतीच्या का ओहोटीच्या?"

पलीकडे दीपिका हसत सुटली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली होती. "मला काय माहीत? समुद्राकडची तू!"

दुसऱ्या दिवशी हिमानी बोईसरच्या छापखान्यात गेली. मजकूर वाचून छापखानेवाला मेहुल चक्रावला. "ताई, स्वतःचा माल कमी वापरा म्हणून छापणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आणि डोंगरावर म्हणजे कुठल्या? आपल्या काळदुर्गावर पण अर्धाच चमचा का?"

हिमानीने मजकुरावर पुन्हा नजर फिरवली. काळदुर्ग उंच होता, पण पुरेसा उंच होता का, हे तिला खरंच सांगता आलं नसतं.

"काळदुर्गावर केक कोण भाजतो रे?" ती म्हणाली. "गाडी संध्याकाळी निघते. तू छाप."