उपवासाला चालणारा चहा

बाळांनो, आजीच्या हृदयात एक स्टेंट बसवला आणि आता ती ठणठणीत आहे, एवढं तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं असेल. ते खरंच आहे. पण मधलं सगळं त्याने गाळलं असणार, कारण त्यात तोही दोषी आहे. म्हणून मी क्रमाने लिहिते.

उन्हाळ्यात जिना चढताना माझी छाती आवळल्यासारखी व्हायला लागली. पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी संशयास्पद आली. डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि आत बोलावलं कुणाला, तर तुमच्या आजोबांना आणि अकलूजहून आलेल्या माझ्या धाकट्या दिरांना. छाती माझी आणि चर्चा त्यांची. बाहेर येऊन आजोबा म्हणाले, "काही नाही, छातीचा एक साधा फोटो काढायचाय."

"कसला फोटो?"

"वैनी, तुमी कशाला डोक्याला ताप करून घेताय?" दीर म्हणाले. "आमी हाय की."

मी मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. एखाद्या मुलीने नकाशा न बघता उत्तर लिहिलं तर मी तिला उभी करत असे. त्या दिवशी मात्र मी स्वतःच नकाशा न मागता घरी आले. तो राग माझा माझ्यावर.

तो फोटो साधा नव्हता. सीटी स्कॅनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रं घेतात, त्यावरून संगणकात त्या वाहिन्यांची हुबेहूब प्रतिकृती उभी करतात, आणि रक्त कुठे अडतं ते गणिताने काढतात. अँजिओग्राफीसारखी शरीरात तार न घालता कळतं की स्टेंट लागेल का, आणि लागला तर नेमका कुठे. त्यासाठी चित्र स्पष्ट हवं, म्हणजे नाडी संथ हवी. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, अशी सूचना डॉक्टरांनी दिली होती. दिली कुणाला? या दोघांना. आणि मला सांगितलं तर मी घाबरेन, म्हणून मला काहीच सांगायचं नाही, असं फोनवर ठरवलं कुणी? तुमच्या बाबाने. सात समुद्रांपलीकडून.

स्कॅनचा दिवस गुरुवार. गुरुवारी माझा उपवास असतो, आणि उपवासाला चहा चालतो. भगर दुपारी, तोवर चहाच. निघेपर्यंत माझे तीन कप झाले होते.

मी आत गाऊन घालत होते तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजींनी चहा-कॉफी काही घेतलंय?" पडद्याआडून मला दिरांचं उत्तर ऐकू आलं, "न्हाय वो ताई, गुरवारचा उपास हाय त्यांचा. पोटात काय सुदिक न्हाय." मी डोकं बाहेर काढेपर्यंत तिने फॉर्मवर खूण केली होती. आणि खरं सांगते, तेव्हा मला वाटलं, चहाचं काय एवढं!

नाडी काही केल्या खाली येईना. गोळी दिली, आणखी एक दिली. शेवटी तसाच स्कॅन केला. चित्र हललेलं आलं. डॉक्टरांनी पुन्हा दोघांनाच आत घेतलं. बाहेर आल्यावर आजोबांचा चेहरा उतरलेला. "तीन ठिकाणी अरुंद दिसतंय," ते म्हणाले. "पण चित्र धूसर आहे, गणित होत नाही. आता सरळ तार घालूनच बघतील. कदाचित तिथेच तीन स्टेंट."

मी उठले आणि न विचारता डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"चित्र हललं कशाने?"

"आजी, नाडी जलद होती. कधी कधी होतं."

"मी तीन कप चहा घेतला होता."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे आलेल्या दोघांकडे. "चहा घ्यायचा नाही, हे मी सांगितलं होतं."

"उपासाला चहा चालतोय की," दीर पुटपुटले.

त्या खोलीत मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आवाज बाकांपर्यंत गेला असणार. मुद्दा एवढाच होता की हृदय माझं आहे, सूचना मला द्या, लेखी द्या. आणि हाच स्कॅन परत करा. वाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून शिरेत टोचतात ते औषध पुन्हा द्यायचं तर मूत्रपिंडांची तपासणी करून आठवडाभर थांबावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. थांबेन म्हटलं. संध्याकाळी तुमच्या बाबाचा फोन आला, "आई, टेन्शन घेऊ नकोस." मी फोन ठेवून दिला. तो राग अजून आहे, त्याला सांगा.

पुढच्या स्कॅनआधी दोन दिवस मी चहा घेतला नाही. डोकं ठणकलं. चित्र आलं, गणित झालं, आणि डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. झाडाच्या फांद्यांसारख्या वाहिन्या, बहुतेक निळ्या. निळं म्हणजे रक्त नीट पोचतंय, लाल म्हणजे कमी पडतंय. अरुंद जागा तीनच, पण लाल फक्त एकीच्या पुढे.

"बाकीच्या दोन?" मी विचारलं.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, पण बोलले दीर. त्यांचा ऊस उजनीच्या कालव्यावर आहे. "वैनी, फाट्यावर गाळ दिसला म्हणून काय झालं? टेलला, पार शेवटच्या रानाला, पाणी पोचतंय नव्हं? मग खणायचं कशाला?"

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "त्या दोन्हींना गोळ्या पुरतील." मग त्यांनी संगणकातच त्या एका जागी स्टेंट बसवून दाखवला. लाल फांदी निळी झाली. मी पुन्हा एकदा करायला लावलं, स्टेंट काढून, परत घालून. समजल्यावर हो म्हटलं.

दाखल व्हायच्या दिवशी संमतीचा कागद आला. कारकुनाने सवयीने पेन दिरांपुढे धरलं. त्यांनीही सवयीने घेतलं, टोपण काढलं, आणि थांबले.

"घ्या वैनी."

मी चारही पानं वाचली. कुणी घाई केली नाही. मग सही केली आणि साक्षीदाराची जागा त्यांना दाखवली. त्यांनी तारीख चुकीची टाकली. ती मी खोडून पुन्हा लिहायला लावली.