रिबाऊंड बघणारी पायरी

किस्से गोळा करावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक पावसाळा आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाशेजारच्या पायरीवर काढावा. आपण नुसतं बसायचं. बाकी सगळं आपोआप साचत जातं, कोपऱ्यातल्या रद्दीसारखं. फेकवत नाही आणि कोणी घेऊनही जात नाही.

मी प्रकाश. आर्णीला कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. संध्याकाळी गर्दी ओसरली की मी त्या पायरीवर जाऊन बसतो. तिथे आधीच तिघं असतात. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले वानखडे काका, मंडप डेकोरेशनवाले शकीलभाई आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या रजनीताई. आमच्यात खरा बास्केटबॉल फक्त रजनीताई खेळल्यात, तोही याच कोर्टावर. आम्ही बाकीचे नुसते फॅन! आणि तेही अशा टीमचे, जी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दरवर्षी पहिल्याच फेरीत हरून परत येते.

पूर्वी बायको विचारायची, "यंदा तरी जितते का तुमची टीम?" आता तीही विचारत नाही. मला हे जास्त लागतं.

* * *

सीझनच्या आधी नवीन पोरं येतात आणि आम्ही त्यांना पारखतो. पण फक्त रिबाऊंडसाठी. म्हणजे बास्केट हुकली, बॉल रिंगवर आपटून बाहेर आला, की तो कोण झेलतो ते बघायचं. बास्केट कोण टाकतो हे आम्ही बघणं कधीच सोडलंय, कारण आमच्याकडे ती कोणी टाकतच नाही.

एकदा एका नव्या पोराचे वडील पायरीवर येऊन बसले. पोराने पहिलीच बास्केट टाकली. वडील टाळ्या वाजवायला लागले. आम्ही चौघं गप्प. त्यांना ते खटकलं.

"काहून जी, चांगली नाही टाकली का पोट्ट्यानं?"

"टाकली ना," काका जांभई देत म्हणाले, "पन हुकल्यावर तो काय करते, ते पाहायले आम्ही बसलो. आमच्या टीममंधी तेच काम जास्त राह्यते."

* * *

काकांची पारख एसटीतली. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला बसमध्ये घुसता येतं त्याला रिबाऊंड येतो. दोन्हीकडे खांदा लावावा लागतो, जागा धरावी लागते आणि मागच्याला पुढे येऊ द्यायचं नसतं.

एका वर्षी ते खरोखरच स्टँडवर जाऊन उभे राहिले. महागावच्या गाडीला ही गर्दी! त्यात एक धिप्पाड पोरगा सगळ्यांना बाजूला सारून आत शिरला आणि खिडकीची सीट धरून बसला. काकांनी त्याला खाली उतरवलं. पोरगा आपल्याच कॉलेजचा निघाला. काका त्याला हाताला धरून कोर्टावर घेऊन आले.

आमचे क्रीडाशिक्षक राठोड सर यांनी बॉल रिंगवर मारला. पोरगा घुसला, तिघांना उडवलं आणि बॉल छातीशी धरला. पायरीवर आम्ही उभेच राहिलो! सर ओरडले, "दे, पास दे!" पोरगा हलेना. सर पुन्हा ओरडले. त्याने बॉल आणखीच घट्ट धरला. शेवटी सरांनी शिट्टी मारली आणि पायरीकडे बघितलं.

काका म्हणाले, "सर, एकदा सीट भेटली का मानूस उठते का?"

* * *

मग गजू आला. गजू एवढा उंच, की दुकानात झेरॉक्सला यायचा तेव्हा माझ्या शटरखालून वाकून यायचा. आम्हाला वाटलं, आता झालं! शकीलभाईंनी तर चहा पाजला सगळ्यांना.

पण गजू उडीच मारेना. रिंगखाली उभा राहायचा, हात वर करायचा आणि बॉल कधी हातात आला तर घ्यायचा.

"उडी मार ना बे!" शकीलभाई ओरडले.

"कायले? हात तर पोचून राह्यला."

पहिल्याच मॅचमध्ये त्याच्या खांद्याएवढी पोरं उड्या मारून त्याच्या हातांवरून बॉल घेऊन गेली. गजू परत आला तो तक्रार घेऊन, "भाऊ, ते लोक लई उड्या मारतेत." आजकाल तो शकीलभाईंकडे मंडपाची झुंबरं लावतो. तिथेही स्टूल लागत नाही.

* * *

आता राठोड सरांबद्दल सांगायला हवं. हे कोर्ट सरांचं आहे. कागदावर कॉलेजचं असेल, पण काटेरी झुडपं तोडून, मुरूम टाकून, पोरांना घेऊन रोलर ओढून ते सरांनी केलंय. सर चिडले की बंजारा तांड्यावरच्या बोलीत बोलतात. आम्हाला त्यातलं काही कळत नाही, म्हणून आमचं भांडण कधी होत नाही.

कोर्टाच्या एका टोकाचा बोर्ड रिंगसकट कधीचाच पडला. सगळा सराव पायरीकडच्या एकाच रिंगवर चालतो. यंदा नवीन प्राचार्य आले. ते नाशिककडचे, शर्ट नेहमी पँटीत इन केलेला. त्यांनी आल्या आल्या कोर्ट बघितलं आणि सरांना म्हणाले, "इथे मुलांच्या गाड्यांसाठी शेड हवी आहे. या वर्षी पहिली फेरी जिंका, नाहीतर मी हा बोर्ड काढतो."

सर पायरीवर येऊन बसले. एरवी ते कधी बसत नाहीत. म्हणाले, "यंदाची पोरं नीट पाहा, राजेहो." आम्हाला कोणी प्रथमच काम सांगितलं होतं. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

* * *

त्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात मडावी आला. झरी जामणीकडचा, आश्रमशाळेत शिकलेला, बेताच्या उंचीचा आणि कमी बोलणारा.

आता आमचा एक नियम होता. ज्याला रिबाऊंडची समज आहे तो रिंगच्या डावीकडे उभा राहतो. का, ते कोणी विचारलं नव्हतं. हुकलेला बॉल डावीकडे पडतो, हे आम्ही वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघत होतो. हुशार पोरगा दोन दिवसांत डावीकडे सरकायचा आणि पायरीवरून मान हलवून आम्ही त्याला पास करायचो.

मडावी मात्र उजवीकडे. रोज उजवीकडे! बॉल त्याच्याकडे क्वचितच यायचा. काकांनी त्याला बोलावलं.

"तू तिकडं काहून उभा राह्यतो बे?"

"तिकडं चौघं हायेत ना काका. इकडं कोनीच नाही."

काका आमच्याकडे वळले. "साधा पोट्टा हाय. पन याच्यात रिबाऊंड नाही!"

आम्ही तिघांनी माना हलवल्या. रजनीताईंनीसुद्धा.

* * *

मग दारव्ह्याला एक सरावाची मॅच झाली. शकीलभाईंच्या मंडपाच्या गाडीत मागे पोरं, पुढे आम्ही.

पहिला बॉल हुकला. आमची पोरं झपकन डावीकडे! बॉल उजवीकडे. दुसरा हुकला, पोरं डावीकडे, बॉल समोर. तिसरा पुन्हा उजवीकडे. समोरच्या टीमला काय चाललंय ते कळेना. त्यांचा एक पोरगा तर हसायला लागला. सरांनी शेवटी मडावीला आत घेतलं आणि त्यानंतर जेवढे बॉल हाताला लागले, ते सगळे त्यानेच झेलले.

आर्णीत उतरल्यावर रजनीताई घरी न जाता एका गवंड्याकडून लेव्हल, म्हणजे ती पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी, घेऊन आल्या. शकीलभाईंची शिडी लावली, वर चढल्या आणि लेव्हल रिंगवर ठेवली. आतला बुडबुडा सरळ उजव्या टोकाला जाऊन बसला. म्हणजे रिंग डावीकडे झुकलेली होती.

आम्ही सगळे वर बघत होतो. शकीलभाई तेवढे खाली.

"एका गॅदरिंगले मंडपाचा दोर हिलेच बांधला होता," ते हळूच म्हणाले. "वारा सुटला त्या दिवशी. मले वाटलं, थोडीशी तर वाकली, कोनाले दिसते!"

"बरोबर वाटलं तुले," काका म्हणाले. "कोनालेच दिसली नाही!"

* * *

आणि नेमकी यंदाची पहिली फेरी आमच्याच कोर्टावर आली. दुसऱ्या टोकाला एका कॉलेजकडून उसना बोर्ड आणायचं ठरलं. काकांचे डोळे चमकले. असे चमकलेले मी ते रिटायर झाले तेव्हापासून पाहिले नव्हते.

"सर, रिंगले हात नका लावू. पाहुन्याईले काय माहीत, बॉल कुठं पडते! अर्धा खेळ तरी आपला झाला."

मीही हो म्हणालो. खरं सांगायचं तर सगळेच हो म्हणालो. इतकी वर्षं ज्या रिंगने आम्हाला हरवलं, तिने एकदा जिंकून द्यायला काय हरकत होती?

राठोड सर रिंगकडे बघत उभे होते. "मी पोराईले वाकड्या रिंगवर शिकवलं, हे मले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आता माहीत हाय. आता कशी ठेवू?"

"कोर्ट जाईन ना सर!" काका म्हणाले.

"जाईन."

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला आणि रिंग सरळ झाली. काकांनी सरांशी बोलणं सोडलं. पायरीवर यायचे, बसायचे आणि दुसरीकडे तोंड करून चहा प्यायचे.

* * *

मॅच झाली. पोरं जीव तोडून खेळली, यात वाद नाही. पण सवय सवय असते! सर बाहेरून "पसरा, पसरा" ओरडायचे, तेवढ्यापुरती पसरायची आणि बॉल हवेत गेला की पाय पुन्हा डावीकडे. उजवी बाजू एकटा मडावी सांभाळत होता. सांभाळता सांभाळता त्याचे पाच फाऊल झाले आणि त्याला बाहेर बसावं लागलं.

शेवटी बरोबरी होती. वेळ संपत आली होती. पाहुण्यांनी बॉल टाकला, हुकला. आमची पाचही पोरं डावीकडे. बॉल उजवीकडे पडला, त्यांच्या पोराने आरामात उचलला आणि आत टाकला.

शिट्टी झाली. मडावी बाकावर बसून टॉवेलने तोंड पुसत होता, खूप वेळ पुसत होता. राठोड सर एकेका पोराच्या पाठीवर हात ठेवत फिरले. आम्ही पायरीवरून उठलो नाही. मला रडू आलं, हे सांगायला लाज नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी जाय. बायकोले काही सांगू नको."

* * *

दुसऱ्या दिवशी उसना बोर्ड परत गेला आणि गॅस कटरवाला आला. प्राचार्य शब्दाचे पक्के. ते स्वतः हजर होते. रिंगच्या उजव्या बाजूला उभे राहून, हात लांब करून ते कटरवाल्याला दाखवत होते, की शेडचे पत्रे इथून तिथपर्यंत येतील.

राठोड सरांनी विचारलं, "सर, पोरं एक शेवटचं खेळू देत का?"

"खेळू द्या. पण लवकर."

आम्ही चौघं पायरीवर. काका सरांशी अजून बोलत नव्हते, पण आले होते. पोरं खेळायला लागली. कोणाच्याच हातात जोर नव्हता. मडावीने लांबून बॉल टाकला. तो सरळ केलेल्या रिंगवर आपटला आणि उजवीकडे गेला, जिथे आमचं कोणीच उभं नव्हतं.

प्राचार्यांनी दोन्ही हात वर केले आणि टाचा उचलून बॉल झेलला.

कोर्टावर सगळं थांबलं. प्राचार्यांनी हातातल्या बॉलकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि काकांच्या तोंडून सवयीने मोठ्याने निघून गेलं, "रिबाऊंड हाय याच्यात!"

राठोड सरांनी डोळे मिटून घेतले. मी माझ्या दुकानाकडे बघायला लागलो. प्राचार्यांनी बॉल खाली एकदा आपटला. पुन्हा एकदा आपटला. मग रिंगकडे बघून टाकला. हुकला! बॉल बाहेर आला, कोणी हललं नाही, म्हणून तेच पळाले. खिशातला पेन पडला. शर्टाची इन सुटली. पुन्हा टाकला. पुन्हा हुकला.

"खांदा लावा साहेब, खांदा!" काका उभे राहून ओरडले.

मडावी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. कटरवाल्याने कटर पेटवला आणि विचारलं, "साहेब, कापू ना?"

धापा टाकत, बॉल छातीशी धरून प्राचार्य त्याच्यावर ओरडले, "थांब रे जरा!"