चार कोपऱ्यांचं रबर

नारायण पेठेतल्या रंगनाथने उभं आयुष्य बिलियर्डची टेबलं बसवण्यात घालवलं, पण खेळायला म्हणून क्यूची काठी कधी हातात धरली नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "खेळायला रिकामटेकडे पुष्कळ आहेत." काम संपलं की त्याची परीक्षा एकच. बॉल हाताने हळूच टेबलाच्या कडेच्या पॉकेटकडे सोडायचा. कुठे न अडखळता आत पडला की टेबल पास. घरी पोचल्यावर बायको, हेमा, पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायची, "पडला का?" हा म्हणायचा, "पडला." छत्तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या वर्षभरात मात्र हेमाला विचारायची वेळच आली नव्हती. जुने क्लब बंद पडले होते आणि नव्यांना कंपनीचीच माणसं लागत. घरात बसलेल्या नवऱ्याकडे ती येता-जाता बघायची, आणि तिचं ते बघणंच त्याला सोसवत नसे. अशात कात्रजच्या विक्रमचा फोन आला.

विक्रम रशियात डॉक्टरकी शिकला आणि येताना तिथल्या बिलियर्डचं वेड घेऊन आला. आता बंगल्यात तिकडचंच टेबल मागवलं होतं. "काका, हे नीट बसलं की माझ्या दोन मित्रांची टेबलंही तुम्हीच बसवायची," असं पहिल्या सकाळी बंगल्यावर सांगून तो दवाखान्यात गेला.

रंगनाथ तीन दिवस राबला. दगडी पाट्या पाणसळीत आणल्या, कापडाला एक सुरकुती राहू दिली नाही. मग खोक्यातून बॉल काढला. मोसंबीएवढा, चांगला जड. मधल्या दोन पॉकेटांत तो सरळ पडला. कोपऱ्यात सोडला तर तोंडाशीच अडकला. चारही कोपऱ्यांत तेच.

"कारखान्यात सगळे झोपले होते वाटतं," रंगनाथ पुटपुटला. सोबतचा कागद रशियन अक्षरांत होता. विक्रमला फोन करावा असं क्षणभर मनात आलं, पण कोपरा केवढा असतो हे त्याने कालच्या पोराला विचारायचं? त्याने सुरी आणि पटाशी काढली, चारही कोपऱ्यांचं रबर नि लाकूड तासलं आणि बॉल सोडला. अलगद पडला. वर्षभराने त्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी विक्रमने पहिला फटका मारला. बॉल कोपऱ्यात गेला. दुसरा मुद्दाम वाकडा मारला, तोही गेला. त्याने वाकून कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"काका, हे कापलंत?"

"अरुंद होतं. बॉल अडकत होता."

"केसभर वाकडा गेला की अडकायलाच पाहिजे, काका. बॉलपेक्षा चार-पाच मिलिमीटरच मोठं तोंड असतं त्याचं. सगळा खेळच त्यात हाय." घरची बोली त्याच्या तोंडून निसटली. "एक फोन करायचा होता."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आत जाऊन चहा सांगून आला. मित्रांच्या टेबलांचा विषय त्याने काढला नाही, आणि रंगनाथला विचारायचं तोंड उरलं नव्हतं. कापलेलं रबर काही परत वाढत नाही.

घरी हेमा तांब्या घेऊन दारातच उभी होती. वर्षभराने विचारायला मिळणार म्हणून तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"पडला का?"

"पडला," रंगनाथ म्हणाला. "चारही कोपऱ्यांत पडला." आणि त्याने तांब्या तोंडाला लावला तो पाणी संपलं तरी खाली घेतला नाही.