गुडघ्याभोवतीची रेघ

कपाला ओठ लावण्याआधी तो कपाची कड अंगठ्याने पुसायचा. ओला टॉवेल आधी हुंगायचा, मग हातात घ्यायचा. शेजारी कुणी शिंकलं की उठून दुसऱ्या खुर्चीत जायचा. जेवताना कुणी आजारपणाचा विषय काढला तर ताट पुढे सरकवायचा आणि उरलेलं जेवत नसे. परक्या घरात बसला की दोन बोटांनी जमिनीवर टकटक करायचा आणि काही न बोलता मान हलवायचा. सिमेंटचे हात तीनदा धुवायचा. तिसऱ्या वेळी नखांसाठी दातांचा जुना ब्रश. आणि कामाला बसण्याआधी पॅन्ट मांडीपर्यंत दुमडून दोन्ही गुडघे उघडे करायचा.

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा भिंतींचा नव्हे, फरशीचा मिस्त्री. पण लग्नाच्या दिवशी सासऱ्यांच्या भिंतीवरचा तिरका आरसा त्याने भर पाहुण्यांत उठून सरळ केला होता. तिथेच मेहुण्याने हे नाव पाडलं. पुढे तोच मेहुणा त्याच्या हाताखाली काम शिकला. आता दोघं बरोबरीने काम करत, पण नाव काही सुटलं नाही.

उघड्या गुडघ्यांचं कारण होतं. फरशीवाल्याच्या गुडघ्यावर जाड, पिवळट घट्टा पडतो. या धंद्यात तीच पदवी. गुडघ्याला बांधायच्या गाद्या दुकानात मिळतात, पण त्या बांधणाऱ्याला जुने मिस्त्री ‘पाहुणा’ म्हणत. ओळंब्याचं म्हणणं त्याहून पुढचं होतं. फरशीखाली कुठे हवा राहिली असेल तर बोटाच्या आधी गुडघ्याला कळतं, असं तो सांगायचा. अशी पोकळ फरशी तो उखडत नसे. शेजारच्या फटीत बारीक भोक पाडायचा, हवा बाहेर काढायचा, सिमेंटचं पातळ पाणी सोडायचा आणि वर वजन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी टकटक केली की फरशी भरीव. सव्वीस वर्षांत हा उपाय फसला नव्हता.

त्या वर्षी त्याला पाळणाघराचं काम मिळालं. चार खोल्या, सगळ्या नव्याने करायच्या. पाळणाघराच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, “मिस्त्री, यावर मुलं रांगणार आहेत. कुठे कड लागता कामा नये.”

“लागणार नाही,” तो म्हणाला. मग मेहुण्याला बाजूला घेऊन म्हणाला, “ऐकलंस ना? यांचंही आपल्यासारखंच. सगळी कामं गुडघ्यावर.”

दुसऱ्या खोलीत त्याचा उजवा गुडघा सुजला. दुखत फारसं नव्हतं. पण वाटीवर सुपारीएवढा मऊ फुगा आला होता. बोटाने दाबला की आतलं काहीतरी सरकायचं. त्याने एकदाच दाबला. अंगावर काटा आला. ते बोट त्याने साबणाने धुतलं आणि दिवसभर दुसऱ्या बोटांपासून लांब धरलं. दुसऱ्या दिवशी तो पॅन्ट न दुमडता कामाला बसला.

“दाजी, आज पडदा पाडलात?” मेहुणा म्हणाला.

“माल कालव.”

घरी बायकोने विचारलं, “अहो, लंगडताय का?”

“नाही.”

“मग काय, नाचताय?”

ती दवाखान्यात चला म्हणाली. तो गेला नाही. एकदा तिथल्या बाकाखाली त्याला कुणाच्या तरी जखमेवरचा ओला कापूस दिसला होता. नुसती आठवण झाली तरी त्याला तोंडात पाणी सुटून मळमळायचं. दुखणं त्याने अंगावर काढलं. दहा दिवस. फुगा लिंबाएवढा झाला. गुडघा टेकला की आतलं पाणी बाजूला पळतंय हे जाणवायचं. आपल्याच कातडीखाली कुणी परकं राहायला आलंय, असं त्याला वाटे. त्याला स्वतःच्या पायाची शिसारी येऊ लागली. झोपताना तो पाय चादरीबाहेर ठेवायचा.

अकराव्या दिवशी दुपारी तो पाळणाघराच्या मोरीत गेला आणि आतून कडी लावली. सिमेंटच्या पोत्याचं तोंड शिवायची दाभण त्याने बरोबर घेतली होती. विचार साधा होता. आत पोकळी आहे. भोक पाडायचं, आतलं बाहेर काढायचं, वरून दाबून बांधायचं. दाभण त्याने काडीच्या ज्योतीवर धरली, मान वळवली आणि टोचली.

पिवळं, तेलासारखं चिकट पाणी पोटरीवरून ओघळलं. त्यात रक्ताची बारीक तार होती. तो भिंतीला धरून ओकला. मग मोरी धुतली. पुन्हा धुतली. गुडघा सपाट झाला होता. फरश्या पुसायचं फडकं त्यातल्या त्यात स्वच्छ होतं, ते त्याने घट्ट बांधलं आणि बाहेर येऊन संध्याकाळपर्यंत त्याच गुडघ्यावर काम केलं.

“चेहरा का असा पांढरा?” मेहुण्याने विचारलं.

“चुना उडाला.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला ताप होता. गुडघा लाल, तापलेल्या तव्यासारखा. फडकं कातडीला चिकटलं होतं. बायकोने कोमट पाणी घालून ते सोडवलं, तेव्हा खोलीभर वास पसरला. घाणीचा, गोडसर. ओळंब्याने भिंतीकडे तोंड केलं. हा वास आपला आहे, हे त्याला पटेना.

“बघू नकोस,” तो म्हणाला.

“तुम्हाला किळस येते ना? मग तुम्ही बघू नका. मला बघू दे.” ती वाकून बघत राहिली. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कशानं टोचलंत?”

त्याने सांगितलं. कपाटातून त्याचा धुतलेला शर्ट काढून तिने त्याच्या अंगावर टाकला. दवाखान्यात निघायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गुडघा अगदी जवळून पाहिला. नाक मुरडलं नाही. ओळंबा त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होता. त्यांचा नुकताच नाश्ता झालेला असावा आणि तरीही असं बघता यावं, याचं त्याला नवल वाटलं आणि थोडा रागही आला.

“पाय वाकवा. वाकतोय? हळू. नशीब तुमचं. सांधा शाबूत दिसतोय.”

“मग हे काय आहे?”

“वाटीच्या वर, कातडीच्या खाली एक चपटी पिशवी असते. बर्सा म्हणतात तिला. आत जेमतेम थेंबभर बुळबुळीत पाणी. कातडी हाडावर घासू नये म्हणून. तुम्ही इतकी वर्षं तिच्यावर बसलात. ती चिडली, तिनं जास्त पाणी धरलं. हा बर्सायटिस. तेव्हाच आला असतात तर गुडघा टेकू नका, बर्फाने शेका, सूज उतरायच्या गोळ्या घ्या, एवढ्यावर भागलं असतं. काही आठवडे गेले असते, इतकंच.”

“मी पाणी काढलं होतं.”

“पाणी काढलंत आणि जंतू आत घातलेत. आम्हीही सुईनंच काढतो, पण कातडी आणि सुई निर्जंतुक करून. दाभणीनं नाही. अन् प्रत्येकाचं काढतही नाही.”

“पोकळ फरशीला आम्ही...” तो बोलता बोलता थांबला.

“फरशीला ताप येत नाही, मिस्त्री,” बायको म्हणाली. घरात ती त्याला कधी मिस्त्री म्हणत नसे.

डॉक्टरीणबाईंनी सुईने थोडा पू काढून तपासायला पाठवला. जंतू मारायच्या गोळ्या दिल्या. मग निळ्या पेनाने गुडघ्याभोवती, लाली जिथे संपत होती तिथून, एक रेघ काढली.

“लाली या रेघेच्या आत राहिली पाहिजे. बाहेर गेली किंवा ताप चढला तर त्याच घटकेला या. हे जंतू सांध्यात उतरले तर गुडघा कायमचा आखडू शकतो. मग फरशीचं काम विसरायचं.”

ओळंब्याने रेघेकडे पाहिलं. “वाकडी आहे,” तो म्हणाला.

“गुडघा गोल आहे.”

घरी तो पाय उशीवर ठेवून पडून राहिला. गोळ्यांनी तोंड कडू झालं. घामाने चादर ओली व्हायची आणि त्याला स्वतःचाच वास यायचा. मेहुणा भेटायला आला, दारातच थबकला आणि म्हणाला, “दाजी, खिडकी उघडू का? का वास मोजायचा बाकी आहे?” ओळंबा हसला नाही. आतापर्यंत आयुष्यभर तो दुसऱ्यांपासून खुर्ची लांब ओढत आला होता. आता मेहुणा खुर्ची लांब ओढून बसला.

पण रेघ त्याने सोडली नाही. गोळी विसरायचा, पाणी विसरायचा, रेघ दर तासाला बघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली मांडीच्या बाजूने दोन बोटं पुढे सरकली होती. बायको त्या वेळी भाजी निवडत होती. तिला वाटलं होतं, आता याला ओढून न्यावं लागणार. तो एका पायावर उभा राहून चप्पल शोधत होता.

“रेघ ओलांडली,” तो म्हणाला. “चल.”

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याला चीर देऊन पू वाहू दिला. चार दिवस हाताच्या शिरेतून औषध चाललं. सांधा वाचला. जखम मात्र शिवली नाही. ती आतून भरत यायला हवी होती. त्यासाठी तिच्यात रोज औषधी कापडाची पट्टी भरायची आणि जुनी काढायची. काढताना ती लांबच लांब निघे, पिवळी, ओली. बायको रोज काढायची. पहिले काही दिवस तो डोळे मिटून बसायचा. एकदा तिचा हात घसरला, तेव्हा त्याने डोळे उघडले आणि पट्टीचं दुसरं टोक स्वतः धरलं. किळस गेली नव्हती. त्याने ओठ घट्ट दाबले होते आणि टोक धरलं होतं.

सहा आठवडे गुडघा टेकायचा नव्हता. त्यातल्या पाचव्या आठवड्यात तो काठी घेऊन पाळणाघरात गेला. तीन खोल्या झाल्या होत्या. दोन त्याच्या, एक मेहुण्याची. तिसरीत त्याने काठीने टकटक केली. अकरा फरश्या पोकळ. कडेला माल सांडून वाळलेला. त्याच्या तोंडाची चव गेली.

“हे तुला दिसत नाही?”

“दाजी, मुलं रांगणार आहेत, हत्ती नाहीत.”

“उखड.”

मेहुण्याने कुरकुरत अकराच्या अकरा फरश्या उखडून नव्याने बसवल्या. चौथी खोली मात्र ओळंब्याने स्वतःसाठी ठेवायला सांगितली. सातव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. गुडघ्याला गादी हवीच. एका वेळी अर्धा तास, मग उठायचं. “गुडघा गरम लागला तर हातातलं काम टाकायचं. पुन्हा अशीच सूज आली तर ती पिशवीच काढावी लागेल.”

तो गाद्या बांधून बसला. रबराचा वास, आत घाम, कातडीला चिकटणारं कापड. त्याला ते दुसऱ्याचे मोजे घातल्यासारखं घाण वाटलं. शिवाय गादीतून गुडघ्याला काहीच कळत नव्हतं. प्रत्येक फरशी बोटाने वाजवून बघावी लागे. अर्धा तास झाला की बायकोने दिलेलं घड्याळ वाजे आणि तो उठे. एका दिवसाचं काम चार दिवस झाले तरी संपलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दाराशी तीन फरश्या उरल्या. दुसऱ्या सकाळी पाळणाघर उघडणार होतं. बाई बाहेर उभ्या होत्या. मेहुणा दुसऱ्या कामावर गेला होता. ओळंब्याने घमेल्यात माल कालवला, थापी उचलली आणि थांबला. गादी सैल करून आत तळहात घातला. गुडघा गरम होता. दुखत नव्हता. नुसता गरम.

“तीनच तर आहेत, मिस्त्री,” बाई म्हणाल्या. “हत्ती गेला, शेपूट राहिलं.”

तो त्या जागेकडे बघत राहिला. कोरडं, खरबरीत सिमेंट, आणि त्याला लागून त्याच्या हातची उघडी कड. मुलांची खोली, आणि तिच्या दारात हे. आपल्या हातून असलं काही सुटलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला उमासा आला. त्याने गादीचे पट्टे एकेक करून सोडले.

“उद्या दुपारनंतर मेहुणा येईल,” तो म्हणाला. “तोवर इथे काहीतरी आडवं ठेवा. मुलांना येऊ देऊ नका.”

“आणि तुम्ही?”

“मला घरी जाऊन पाय वर घ्यायचाय.”

तो भिंतीला धरून उठला. तीन फरश्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. घमेल्यातला माल कडेने आळायला लागला होता.