पायाळूचा पाय

माझ्यासारख्यानं देवाच्या कृपेविषयी लिहावं, एवढा माझा अधिकार नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण मला नीट प्रार्थनाही करता येत नाही. काही चुकलं तर वाचकांनी पोटात घालावं.

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, म्हणून पाचोडच्या आमच्या गल्लीत मी पायाळू. कुणाच्या पाठीत उसण भरली की लोक माझा पाय लावून घ्यायला येत. माझ्या आठ वर्षांच्या बहिणीची, राणीची पाठ दुखायला लागली तेव्हा आईनं मलाच पुढं केलं. दर रविवारी मी शहरातून गावी जायचो आणि तिच्या पाठीवर पाय दाबायचो. विज्ञान शिकत होतो, तरी आईला नाही म्हणवलं नाही. राणीला बारीक ताप यायचा, ती वाळत चालली होती.

शेवटी तिला घेऊन पैठणला नाथांच्या देवळात गेलो. देव खरंच ऐकतो का, हीच शंका मनात होती. प्रसादाचं फूल राणीच्या हातून पडलं. ती वाकली नाही. पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली आणि मग तिनं ते उचललं. शेजारी उभ्या असलेल्या एक वयस्कर बाई बघत होत्या.

"वाकून घ्यावं की, माय."

"नाय वाकता येत. दादा पाय लावतो ना, व्हईल बरं."

माझ्या खांद्यावरची कॉलेजची बॅग बघून बाई माझ्याकडं वळल्या. "कॉलेजात जातो व्हय? हेच शिकवतात का तिथं?"

त्यांनी राणीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि एका मणक्यापाशी थांबवलं. "मी नर्स होते बाळा. आता पाय लावू नको. उद्याच मोठ्या दवाखान्यात ने." त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

शहरात एमआरआय झाला, सुईनं मणक्यातला नमुना काढून तपासला. मणक्याचा टीबी निघाला. मी डॉक्टरांना पायाचं सांगून टाकलं. "त्यानं टीबी होत नाही," ते म्हणाले, "पण दाबत राहिला असतास तर मणका खचून पोरीचे पाय गेले असते." पाठीला पट्टा आला, वर्षाहून जास्त काळ रोजच्या गोळ्या आल्या. आई एकही गोळी चुकू देत नव्हती. मी मात्र होस्टेलवर राणीच्या पायांच्या काळजीनं झुरायचो. हळूहळू देवाशी घासाघीस करणं सुटलं. औषध आमच्या हाती, बाकी तुझ्या, एवढंच म्हणायचो. आणि तेवढ्यानं मन निवायचं.

परवा प्रॅक्टिकलला निघालो असताना आईचा फोन आला. नवी तपासणी बघून डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या होत्या, पट्टाही काढला होता.

"राणीला दे ना फोन," मी म्हणालो.

"ती कुठली सापडती आता? लंगडी खेळायला गेली."