मायचा अंगठा, भावाचा नंबर

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दिग्रसच्या डॉक्टरांनी सांगितलं, यवतमाळला ऑपरेशन फुकटात होईल, फक्त योजनेचं कार्ड काढून आणा. म्हणून मी तिला घेऊन बसस्टँडजवळच्या सेवा केंद्रात गेले.

केंद्र चालवणारा माणूस बोलायला मऊ होता. त्यानं मायचा अंगठा मशीनवर ठेवला. मशीननं घेतला नाही. साबणानं हात धुऊन आणले, रुमालानं कोरडे केले, मग एकेक करत सगळी बोटं ठेवून झाली. जन्मभर कापूस वेचून आणि राखेनं भांडी घासून त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या.

"डोळ्यानं करून पाहू," तो म्हणाला आणि दुर्बिणीसारखं दिसणारं दुसरं मशीन तिच्या डोळ्यांपुढे धरलं. तेही चाललं नाही.

"आता काहून?" मी विचारलं.

"मोतीबिंदू हाये ना, ताई. मशीन बुबुळ धरत नाही."

"मोतीबिंदूसाठीच तं कार्ड काढून राह्यलो आपण."

"मले समजते. पण मशीनले कोण सांगन?"

आता उरला ओटीपी. तो जायचा माझ्या धाकट्या भावाच्या मोबाईलवर. मायचं आधार काढलं तेव्हा घरात मोबाईल त्याच्याकडेच होता. पुढे तो पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. वडिलांच्या तेरवीलाही आला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. नंबर बदलून द्या म्हटलं, तर त्याला अंगठा लागतो.

फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"तुझ्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांग," मी म्हणाले. "मायच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

तो म्हणाला, "माय कशी हाये?"

स्पीकर चालू होता. मायनं आवाज ओळखला आणि हात पुढे करून फोन चाचपडत माझ्याकडून घेतला.

"जेवला का रे बाबू?" तिनं विचारलं. मग पोरं कोणत्या वर्गात आहेत, तिकडे पाणी कसं आहे, तो वाळला तर नाही ना, असं विचारतच राहिली. वडिलांचा विषय तिनं काढला नाही. केंद्रवाला स्क्रीनकडे पाहत होता, मध्ये बोलत नव्हता. शेवटी हळूच म्हणाला, "ताई, टाइम संपला. पुन्हा पाठवा लागन."

मी मायच्या हातातून फोन घेतला. दुसऱ्यांदा भावानं आकडे एकामागून एक वाचले, बस्स तेवढेच.

"झालं?"

"झालं."

फोन कट झाला. माय हात तसाच पुढे करून बसली होती.

कार्ड निघालं. पुढे यवतमाळला तारखेवर तारखा पडत गेल्या, कधी मशीन बंद, कधी सर्व्हर. ऑपरेशन झालं तोवर उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून फुटला होता. तो डोळा गेला. डाव्यानं तिला आता दिसतं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "पेशंटच्या आधारला जोडलेल्या नंबरवर मेसेज गेला, पाहून घ्या."

बसमध्ये मायनं विचारलं, "त्याले समजलं असन ना?"

"समजलं असन," मी म्हणाले.

आर्णी येईपर्यंत ती माझ्या मोबाईलकडे पाहत होती. मग डोळा दुखतो म्हणून तिनं तो मिटून घेतला.